एव्हलिन कॅमेरॉनला 'हौशी' ठरवणाऱ्या टिपणाला उत्तर

कोरडवाहू

काल 'जुना शटर' यांनी अमेरिकेच्या पश्चिमेतील छायाचित्रकारांवर एक टिपण लिहिले आणि त्यात एव्हलिन कॅमेरॉनचा निकाल तीन वाक्यांत लावला. ती इंग्लंडमधल्या धनाढ्य घरातली बाई होती, माहेरच्या पैशावर अमेरिकेतल्या माँटाना राज्यात राहून तिने हौस म्हणून फोटो काढले, आणि काउबॉयांचा खरा छायाचित्रकार पाहायचा असेल तर माइल्स सिटीच्या एल. ए. हफमनकडे जावे, असे त्यांचे म्हणणे. तिला गेल्या काही दशकांत मोठे केले गेले ते केवळ आजच्या काळाला प्रत्येक क्षेत्रात एक नायिका हवी असते म्हणून, हेही त्यांनी पुढे जोडले. त्या टिपणाखाली चार ओळी लिहून माझे समाधान होईना, म्हणून हा वेगळा धागा.

श्रीमंत घरातली हे खरेच आहे. एव्हलिन जेफसन फ्लॉवर 1868 साली लंडनच्या दक्षिणेला स्ट्रेटहॅमजवळच्या फर्झडाउन पार्कमध्ये जन्मली, तिचे वडील बडे व्यापारी होते, आणि तिचा सावत्र भाऊ सिरिल पुढे लॉर्ड बॅटरसी झाला. वयाने तिच्याहून बराच मोठा असलेल्या युएन कॅमेरॉन या स्कॉटिश माणसाशी तिने घरच्यांची नाराजी पत्करून 1889 साली लग्न केले आणि मधुचंद्रासाठी ती दोघे शिकारीला माँटानात गेली. एवढ्यावरच गोष्ट थांबली असती तर 'जुना शटर' यांचे म्हणणे मी मुकाट्याने मान्य केले असते. परंतु ती दोघे लवकरच तेथे कायमची राहायला आली, पोलोचे घोडे पैदास करून इंग्लंडला विकायचे म्हणून त्यांनी टेरी गावाजवळ बस्तान बसवले, आणि तो धंदा बुडाला. त्यानंतर त्या घरात जे चालले ते हौशीने चालत नाही. जेवणाखाण्यासह राहणारे भाडेकरू घेतले गेले, भाजीचा मळा लावून भाजी विकली गेली, आणि 1894 साली अशाच एका आयरिश भाडेकरूकडून कॅमेऱ्याचे प्राथमिक धडे घेऊन एव्हलिनने टपालाने एक साधा कॅमेरा मागवला. पुढे तिची छायाचित्रे पंचवीस सेंटला एक आणि तीन डॉलरला डझन या दराने विकली जात असत. पैसे मिळावेत म्हणूनच ती हे काम करत होती, आणि 'जुना शटर' यांच्या टिपणात या दराचा कोठे उल्लेखही नाही.

आता छायाचित्रांकडे पाहा. राउंडअपला, म्हणजे मोकळी चरणारी गुरे गोळा करायला, आलेले काउबॉय, त्यांच्या जेवणाची गाडी, मेंढ्या कातरणारी टोळी, मळणीयंत्राभोवतीची माणसे, सरकारी जमीन घेऊन नव्याने आलेली शेतकरी कुटुंबे आणि त्यांची उघड्या माळावर एकाकी उभी असलेली घरे. हे सारे टिपणारी बाई स्वतः वासरांना डाग देत होती, शिंगरांना खोगिराची सवय लावत होती, गाईंच्या धारा काढत होती आणि पाव भाजत होती. कणीक मळताना तिने स्वतःचेच काढलेले 1904 चे छायाचित्र पाहिले की बाह्या वर केलेल्या त्या दंडांकडे लक्ष जाते. हफमन मोठा छायाचित्रकार होता, त्यात वाद नाही. पण त्याचे पोट स्टुडिओवर चालत होते आणि रँचवर, म्हणजे गुरे पाळण्याच्या मोठ्या वाडीवर, तो काम टिपण्यासाठी जाई. एव्हलिनला मात्र ते काम संपवून उरलेल्या वेळात कॅमेरा हाती घ्यावा लागे. हा फरक चित्रांत दिसतो, आणि म्हणूनच रँचच्या जीवनाची छायाचित्रकार म्हणून मी तिला हफमनच्या वर ठेवतो.

जुना शटर

माझ्या तीन वाक्यांना एवढे मोठे उत्तर मिळाले याचा मला आनंद आहे, परंतु त्यात माझ्या मुख्य मुद्द्याला हात लागलेला नाही. मुद्दा काळाचा आहे. हफमन 1878 च्या डिसेंबरात फोर्ट कियोला पोहोचला, तोही पगाराविना, लष्करी छावणीत स्वतःच्या जिवावर स्टुडिओ चालवण्यासाठी. त्याने रानगव्यांचे शेवटचे मोठे कळप मारले जात असताना पाहिले, आणि काटेरी तारा येण्यापूर्वीचे मोकळे कुरण व त्यावरचे 1880 च्या दशकातले राउंडअप त्याने घोड्यावरून टिपले. ओले रसायन लावलेल्या काचांवर चित्र घेण्याचा आणि अवजड कॅमेऱ्यांचा तो काळ होता. कॅमेरॉनबाई माँटानात राहायला आल्या तेव्हा 1886-87 चा तो भीषण हिवाळा होऊन गेला होता, त्यात गुरे हजारोंनी मेली होती आणि मोकळ्या कुरणाचा पशुधंदा मोडला होता. त्यांनी जे टिपले तो उत्तरार्ध आहे. उत्तरार्ध टिपणाऱ्याला पहिल्या पंक्तीत बसवण्याचे कारण मला अजून कळलेले नाही.

आणि पैशाविषयी म्हणाल, तर माहेरकडून त्यांना दर वर्षी ठरावीक रक्कम येत होती. ज्या माणसाला पीक बुडाले तरी चूल पेटण्याची खात्री असते, त्याची मेहनत मी कमी लेखत नाही, पण त्याला शेजारच्या शेतकऱ्याच्या रांगेत उभेही करत नाही.

मृण्मयी_ग

'कोरडवाहू' यांचा लेख मला पटला, पण एका गोष्टीला त्यांनी हळूच बगल दिली आहे. "त्या घरात भाडेकरू घेतले गेले, मळा लावला गेला" अशी कर्त्याला लपवणारी वाक्ये त्यांनी का लिहिली असावीत? मळा एव्हलिनने लावला, भाडेकरूंचा स्वयंपाक आणि त्यांचे कपडे एव्हलिनने केले, लाकडे एव्हलिनने फोडली, घोडे एव्हलिनने सांभाळले. तिच्या रोजनिशीच्या 1893 ते 1928 या काळातल्या पस्तीस वह्या आहेत, आणि त्यांत रोजच्या कामांची यादी वाचताना दम लागतो. युएनसाहेब त्या वेळी पक्षी पाहत होते. पुढे त्यांचे पक्ष्यांवरचे लेख 'द ऑक' या नामांकित नियतकालिकात आले, त्यांतली छायाचित्रे तिची होती, आणि विद्वान म्हणून ओळख मात्र त्यांची झाली.

ज्या कुटुंबात बाई राबते आणि पुरुषाचा छंद 'अभ्यास' म्हणून मान मिळवतो, अशी कुटुंबे माझ्या ओळखीत भरपूर आहेत. हा विषय बाजूला ठेवून तिचे चरित्र सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

पक्षीवेडा_विदर्भ

येथे युएन कॅमेरॉनवर अन्याय होतो आहे, आणि त्याच्या बाजूने बोलणारा मी एकटा असलो तरी बोलणार आहे. कस्टर आणि डॉसन या परगण्यांतल्या पक्ष्यांवरची त्याची लेखमाला 1907 आणि 1908 साली 'द ऑक'मध्ये छापून आली. पूर्व माँटानाच्या पक्ष्यांची इतकी सविस्तर, वर्षानुवर्षांच्या प्रत्यक्ष निरीक्षणावर उभी असलेली नोंद त्या आधी कोणी केली नव्हती. सोनेरी गरुडाच्या घरट्यावरचे त्याचे 1905 चे टिपण वाचा. हे लिहिणारा माणूस आरामखुर्चीत बसून राहत नव्हता. दिवसचे दिवस कड्याखाली बसून पिलांना काय भरवले जाते ते टिपून ठेवणे हे काम आहे, आणि विदर्भाच्या जंगलात ते केलेल्या माणसाला 'छंद' हा शब्द झोंबतो.

शिवाय आपल्या लेखांत तो पत्नीचा उल्लेख वारंवार करतो. त्याने तिचे श्रेय लपवलेले नाही.

मृण्मयी_ग

उल्लेख करतो हे खरे. परंतु गरुडाच्या घरट्यापर्यंत कड्यावर चढून कॅमेरा नेणारी व्यक्ती आणि खाली उभे राहून निरीक्षण लिहिणारी व्यक्ती या दोघांपैकी लेखाखाली कोणाचे नाव छापायचे, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडला नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. आपल्याला तो आज पडायला हवा.

आणि दिवसचे दिवस कड्याखाली बसता यावे यासाठी संध्याकाळी गाईंच्या धारा काढणारे, सरपण आणणारे आणि भाडेकरूंना जेवू घालणारे दुसरे कोणी तरी घरात असावे लागते. तुम्ही जंगलात जाता तेव्हा तुमच्या घरी ही कामे कोण करते, हेही सांगा.

पक्षीवेडा_विदर्भ

माझ्या घरापर्यंत येण्याचे कारण नव्हते. आपण एकमेकांना ओळखत नाही, आणि माझ्या पत्नीने काय करावे न करावे याचा हिशेब या धाग्यावर मांडण्याइतका मी सैल नाही. मुद्द्यावर बोलायचे असेल तर बोला.

मुद्दा असा की युएनची प्रकृती चांगली नव्हती, 1915 साली तो कर्करोगाने गेला, आणि त्याच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी आपण त्याला आळशी ठरवतो आहोत ते एका बाजूच्या रोजनिशीवरून. रोजनिशी लिहिणारा माणूस स्वतःची कामे लिहितो. दुसऱ्याची कामे त्यात कमीच येणार.

अनुराधा_मिरज

वाद वैयक्तिक होऊ नये असे वाटते, पण मला जे सांगायचे आहे तेही वैयक्तिकच आहे. आमच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. दिवसभर गिऱ्हाईक वडील पाहत, आणि रात्री स्वयंपाक आवरल्यावर आई अंधारखोलीत शिरत असे. प्रिंट धुणे, वाळवणे, कडा कापणे, चेहऱ्यावरचे डाग ब्रशने भरणे, सारे तिचे. पाटीवर वडिलांचे नाव होते आणि आईला त्याचे काही वाटत नसे, निदान तिने कधी बोलून दाखवले नाही. तिच्या बोटांना रसायनाचा पिवळेपणा लग्नाकार्यातही दिसायचा, तो मात्र तिला लपवावासा वाटे.

म्हणून एव्हलिन कॅमेरॉनच्या बाबतीत मला वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. फोटो काढणेही तिचे आणि धुणेही तिचे. दिवसाची कामे आटोपून ती रात्री निगेटिव्हच्या काचा धुवायला बसे, त्यासाठी लागणारे पाणी तिलाच ओढून आणावे लागे, आणि हिवाळ्यात तेथे किती थंडी असते हे सांगायला नको. ज्यांनी अंधारखोलीत काम केलेले नाही त्यांना 'हौशी' म्हणणे सोपे जाते. 'जुना शटर', तुम्ही स्वतः छायाचित्रकार आहात, तुम्ही हे लिहावे याचे मला वाईट वाटले.

जुना शटर

अनुराधाताई, तुमच्या आईंविषयी वाचून मी थांबलो. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, आणि अंधारखोलीतले कष्ट मलाही ठाऊक आहेत, कारण माझी उमेदवारी तिथेच गेली. परंतु कष्ट हा कलेचा निकष होऊ शकत नाही. कष्ट केले म्हणून छायाचित्र चांगले ठरत नाही आणि पैसा होता म्हणून वाईटही ठरत नाही. तेव्हा मी आधी लिहिलेला माहेरच्या पैशाचा मुद्दा मागे घेतो, पण मग तुम्हीही कष्टांचा मुद्दा मागे घ्या. दोन्ही बाजूंनी छायाचित्रांवरच बोलू.

डेन्व्हरकर

छायाचित्रांवरच बोलायचे असेल तर मी टेरीला जाऊन आलो आहे. गाव अगदी लहान, येलोस्टोन नदीच्या काठी, आणि तेथे एव्हलिन कॅमेरॉनच्या छायाचित्रांचे एक छोटे दालन आहे. मी काही छायाचित्रणाचा जाणकार नाही, संगणकाच्या कामासाठी या देशात आलेला माणूस आहे, पण मला तेथे दिसले ते सांगतो.

तिची माणसे कॅमेऱ्याला घाबरलेली नाहीत. बकली घराण्यातल्या तिघी बहिणी, मेबल, मे आणि मर्टल, घोड्यांवर आहेत, आणि ज्या सहजतेने त्या खोगिरावर बसल्या आहेत ती पाहून कळते की फोटो काढणारी बाईही तशीच बसत असणार. एव्हलिन पुरुषांप्रमाणे दोन्ही बाजूंना पाय टाकून घोड्यावर बसे आणि त्यासाठी दुभागलेला घागरा वापरे. अशा वेशात ती अठ्ठेचाळीस मैल दौड करून माइल्स सिटीला गेली, तेव्हा तिला बजावण्यात आले की गावात असे फिरू नका, अटक होईल. हे तिनेच पुढे 1914 साली लंडनच्या 'कंट्री लाइफ'मध्ये माँटानातल्या गुराखी मुलींवर लिहिलेल्या लेखात सांगितले आहे. बकली बहिणी तिला आपली वाटल्या नसत्या तरच नवल.

नऊ पौंड वजनाचा ग्राफ्लेक्स कॅमेरा कमरेला बांधून ती घोड्यावरून फिरत असे. पाहण्याच्या काचेत चित्र जुळवून चटकन टिपण्याची सोय त्या कॅमेऱ्यात होती, आणि हलणारी गुरे, उसळणारे शिंगरू टिपायला त्याचाच उपयोग झाला असणार. 'जिम' नावाच्या घोड्याच्या पाठीवर ती ताठ उभी आहे असे 1912 चे छायाचित्र प्रसिद्ध आहे. तेव्हा तिचे वय चव्वेचाळिसाच्या आसपास होते.

रानवारा

इतका वेळ शांतपणे वाचत होतो, पण आता राहवत नाही. धाग्यावर एव्हलिन थोर की हफमन थोर, युएन आळशी की अभ्यासू, यावर पाने भरली, आणि ही जमीन कोणाची होती हे एकाही प्रतिसादात आले नाही. टेरीजवळचे पावडर नदीचे खोरे लाकोटा आणि चेयेन या तिथल्या मूळ रहिवाशांचे होते. 1877 साली उत्तरेकडच्या चेयेनांपैकी मोठा गट त्याच परिसरात जनरल माइल्सला शरण गेला, त्याच्याच नावाचे ते माइल्स सिटी, आणि 1884 साली टंग नदीकाठी त्यांच्यासाठी राखीव जमीन आखून दिली गेली. कॅमेरॉन दांपत्य आले तेव्हा जागा 'मोकळी' होती, कारण ती नुकतीच मोकळी करून घेतलेली होती. हफमनने निदान टू मून्ससारख्या चेयेन प्रमुखांची छायाचित्रे काढली. एव्हलिनच्या गाजलेल्या छायाचित्रांत ही माणसे जवळजवळ दिसतच नाहीत. जे गाळले आहे त्याकडे पाहायचे नाही, असे ठरवून तिला रँचच्या जीवनाची सर्वश्रेष्ठ साक्षीदार म्हणणे मला मान्य नाही.

कोरडवाहू

'रानवारा', तुमचा मुद्दा गंभीर आहे आणि त्याला झटकून टाकण्याची माझी तयारी नाही. पण एक विचारतो. हफमनच्या स्टुडिओत येऊन बसलेल्या टू मून्सचे छायाचित्र काढले गेले तेव्हा तो पराभूत प्रमुख होता, आणि ती चित्रे पुढे दशकानुदशके विकली गेली. हफमनने 1905 साली माइल्स सिटीतला स्टुडिओ बंद केला आणि त्यानंतर 1931 मध्ये मरेपर्यंत तो मुख्यतः त्या जुन्या दिवसांच्या प्रतिमा, रंगवलेल्या प्रती विकून जगला. त्यात पैसा होता, कारण गिऱ्हाइकाला गेलेला काळ हवा होता. अशा चित्रांना साक्ष म्हणायचे, आणि समोर चाललेले बदल वर्षानुवर्षे टिपणाऱ्या बाईला गाळणारी म्हणायचे, हा न्याय मला समजत नाही.

'जुना शटर' यांनी 'उत्तरार्ध' हा शब्द वापरला, त्यालाही उत्तर देतो. तो उत्तरार्ध होताच, पण त्यात काय काय घडत होते? टेक्सासच्या एक्सआयटी या प्रचंड रँचची गुरे माँटानाच्या गवतावर पोसण्यासाठी उत्तरेला आणली जात. टेक्सास राज्याने ऑस्टिनची विधानभवनाची इमारत बांधून घेण्याच्या बदल्यात दिलेली तीस लाख एकर जमीन असलेले ते रँच, आणि त्याचे माँटानातले ठाणे टेरीपासून फारसे दूर नसलेल्या फॅलनजवळ होते. त्या संघटित, भांडवलदारी पशुधंद्यात मजुरी करणारे काउबॉय एव्हलिनने टिपले. मग 1907-08 च्या सुमारास मिलवॉकी कंपनीची नवी रेल्वे आली, 1909 च्या कायद्याने तीनशे वीस एकरांचे तुकडे मिळू लागले, नवे शेतकरी लोंढ्याने आले, आणि ज्या कुरणावर काउबॉय फिरत होते त्यावर नांगर फिरला. त्या शेतकऱ्यांनी आपली बायकामुले, आपली पडवी, आपली पहिली मळणी तिच्याकडून टिपून घेतली आणि ती चित्रे देशोदेशीच्या नातेवाइकांना पाठवली. 1917 पासूनच्या दुष्काळात त्यांतले अनेक जण उखडून गेले. गुराख्यापासून शेतकऱ्यापर्यंतचे हे सारे स्थित्यंतर एकाच परगण्यात, एकाच व्यक्तीच्या डोळ्यांनी पाहायला मिळते, आणि पस्तीस वह्यांतला मजकूर त्या चित्रांना तारीख आणि हवामान पुरवतो. हफमनच्या साऱ्या वैभवात ही गोष्ट नाही.

पक्षीवेडा_विदर्भ

आणि हेही लिहा की त्या वह्या लिहायला, तो कॅमेरा घ्यायला ती युएनच्या सोबतीनेच आली होती.

मृण्मयी_ग

सोबतीने आली होती, आणि त्याच्या मृत्यूनंतर एकटीने 'ईव्ह रँच' चालवले, 1918 साली अमेरिकेचे नागरिकत्व घेतले, आणि 1928 च्या डिसेंबरात अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर मरेपर्यंत ती त्याच मातीत राहिली. युएनशिवायची तेरा वर्षे. ज्यांना तिला त्याच्या सावलीत उभे करायचे आहे त्यांनी या तेरा वर्षांचे काय करायचे ते सांगावे. आपल्याला शारीरिक मेहनतच आवडते, स्त्री खरोखर त्यानेच सशक्त होते, अशा अर्थाचे तिने एका पत्रात लिहिले आहे.

माझ्या आधीच्या एका प्रतिसादात मी तुमच्या घराविषयी विचारले. ते तुम्हाला लागले असेल, पण प्रश्न मला आजही रास्त वाटतो. तो मी मागे घेत नाही, पुन्हा विचारतही नाही.

पक्षीवेडा_विदर्भ

ठीक आहे. रँचवरच्या कामाचा मोठा भार तिच्यावर होता, हे मी मान्य करतो. तुमच्या स्वरामुळे नव्हे, तर तिच्या रोजनिशीतल्या नोंदींची शैली कोरडी असल्यामुळे. तक्रार करणारा माणूस इतके कोरडे लिहीत नाही. परंतु त्या दोघांनी मिळून पक्ष्यांवर जे काम केले ते तिच्या आयुष्यातली दुय्यम गोष्ट होती, असे कोणी म्हणाले तर मी पुन्हा भांडेन. कड्यावरच्या गरुडाचे घरटे कॅमेऱ्यात घेण्यासाठी लागणारा धीर तिने त्या कामात कमावला, आणि तोच धीर काउबॉयांच्या चित्रांत दिसतो. पक्षी पाहणाऱ्या माणसाला हे लगेच कळते. सावजाला न बुजवता जवळ जाणे ही एकच विद्या आहे.

डेन्व्हरकर

एक गोष्ट कोणीच लिहिलेली नाही. ही सारी चित्रे जवळजवळ गेलीच होती. एव्हलिनचे रँच आणि सामान तिची मैत्रीण जॅनेट विल्यम्स हिच्याकडे आले. तिने काचा, प्रिंट, वह्या, पत्रे आपल्या टेरीतल्या तळघरात पन्नास वर्षे जपून ठेवली, आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीस डॉना ल्यूसी ही न्यूयॉर्कहून आलेली संपादक तिच्याकडे पोहोचली तेव्हा सुमारे अठराशे निगेटिव्ह तेथे निघाल्या. ल्यूसीचे पुस्तक 1990 साली आले आणि संग्रह हेलेना येथील माँटाना हिस्टॉरिकल सोसायटीकडे गेला. 'जुना शटर' म्हणतात तसे तिला 'गेल्या काही दशकांत मोठे केले' हे तारखांच्या दृष्टीने बरोबर आहे, परंतु त्याचे कारण नायिकेची गरज हे नाही. त्याआधी चित्रे पाहायलाच मिळत नव्हती. हफमनची चित्रे तो जिवंत असतानाच दुकानांत, पोस्टकार्डांवर होती. तिची तळघरात होती.

अनुराधा_मिरज

जॅनेट विल्यम्सविषयी वाचून मला आमच्या स्टुडिओतल्या काचा आठवल्या. वडील गेल्यावर घर बदलताना त्या भंगारवाल्याला गेल्या. काच साफ करून तो खिडक्यांना लावणार होता. कोणाला तरी त्या जपाव्याशा वाटायला हव्या होत्या, आणि तेव्हा आम्हा भावंडांपैकी कोणालाच वाटल्या नाहीत. पन्नास वर्षे दुसऱ्याच्या अठराशे काचा सांभाळणाऱ्या बाईचे नाव त्या संग्रहाच्या प्रत्येक चर्चेत घेतले जावे, असे मला मनापासून वाटते.

रानवारा

'कोरडवाहू' यांचे हफमनविषयीचे म्हणणे मी मान्य करतो. पराभूत प्रमुखाला स्टुडिओत बसवून काढलेले चित्र म्हणजे न्याय नव्हे. पण त्याने माझा आक्षेप संपत नाही. जे लोक शंभर मैलांच्या आत राखीव जमिनीवर जगत होते ते इतक्या तपशिलाने नोंदी ठेवणाऱ्या बाईच्या नजरेच्या कक्षेत का आले नाहीत, याचे उत्तर तिच्या चाहत्यांनी शोधायला हवे. 'ती रँचवर राबत होती' हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

जुना शटर

सर्व प्रतिसाद वाचले. डेन्व्हरकर यांचा तळघराचा मुद्दा मला माझ्या टिपणात घ्यायला हवा होता. नायिकेच्या गरजेविषयीचे माझे वाक्य त्यापुढे टिकत नाही, ते मी काढतो. बदलाचा सलग पट तिच्याकडे आहे आणि हफमनकडे नाही, हेही नाइलाजाने मान्य करतो. 'कोरडवाहू' यांना समाधान वाटले असेल.

परंतु तिला त्याच्या वर ठेवायला मी तयार नाही. मोकळ्या कुरणावर पसरलेला शेकडो गुरांचा कळप, त्यामागची धूळ आणि कडेने चाललेले स्वार असे हफमनचे एखादे चित्र समोर ठेवा. क्षितिजाची रेघ त्याने कोठे घेतली आहे ते पाहा. एव्हलिनची माणसांची चित्रे उत्तम आहेत, जवळची आहेत, विश्वासाची आहेत. कळपाची, अंतराची, त्या अफाट माळाची जाण मला हफमनमध्ये अधिक दिसते, आणि रँचच्या जीवनात माणूस जितका आहे तितकाच तो माळही आहे.

कोरडवाहू

माळाबद्दल मी भांडणार नाही, कारण त्या एका बाबतीत तुमच्या डोळ्याला माझ्यापेक्षा जास्त कळते. पण तुम्ही म्हणता ते कळप 1880 च्या दशकातले आहेत, आणि त्या कळपांमागे घोड्यावर बसलेल्या बहुतेक माणसांची नावेसुद्धा आपल्याला माहीत नाहीत. एव्हलिनच्या बाबतीत मेबल, मे आणि मर्टल ही नावे आहेत, घोड्याचे नाव जिम आहे, आणि त्या दिवशी वारा कोणत्या दिशेचा होता हे वहीत पाहता येते. 'रानवारा' यांच्या प्रश्नासाठीही त्या वह्यांकडेच जावे लागेल. राखीव जमिनीवरच्या माणसांविषयी त्यांत काय आहे आणि काय नाही, यावर कोणी लिहिणार असेल तर मी तो धागा आधी वाचेन आणि मगच हफमनचा वाद पुढे नेईन.